सतरा नंबरचा ठसा

रशीदभाई सकाळी साडेसातला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून लसूण सोलत होते. डोळे जाऊन तीन वर्षं झाली होती, पण बोटं शाबूत होती. एक पाकळी ठेचली जात नव्हती की एक साल ताटाबाहेर पडत नव्हतं. काचबिंदूनं आधी डावा डोळा नेला, मग उजवा. आता ऊन अंगाला लागलं की दिवस वर आल्याचं कळायचं, एवढाच काय तो उजेड उरला होता.

"लई निगुतीनं चाललंय," त्यांची बायको मुबारकबी तव्यापासून म्हणाली. "भाजीत टाकायचाय लसूण. जहाजात बसवायचा न्हाई."

रशीदभाई हसले. मुबारकबी तिसगावची. लग्न होऊन नगरच्या मुकुंदनगरात पस्तीस वर्षं काढली, पण तिची जीभ काही तिसगावहून हलली नाही. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी ती अजून "नगरला आले" असंच म्हणते.

आतून त्यांचा मुलगा फैयाज आला. त्याच्या हातात वेल्डिंगचं जुनं हेल्मेट होतं. त्यावर पांढऱ्या रंगानं 'R. SHAIKH 17' असं लिहिलेलं. नाव बापाचं, डोकं लेकाचं. सातवा महिना लागलेली त्याची बायको मेहरीन मागून डबा घेऊन आली. धाकटी कैनात स्कूटीची किल्ली शोधत होती. दोघं भाऊबहीण एमआयडीसीतल्या एकाच कारखान्यात जात. फैयाज वेल्डिंगच्या शेडमध्ये आणि कैनात क्वालिटीच्या खोलीत तपासणीची कागदपत्रं सांभाळायला.

"काल किती जोड झाले?" रशीदभाईंनी रोजचा प्रश्न विचारला.

"चाळीस."

लसूण सोलणारी बोटं थांबली. "एका पाळीत? आमी बारा करायचो. तेरावा जोड उस्ताद करू द्यायचे न्हाईत."

"तुमच्या टायमाला जहाजाचा मुहूर्त ठरलेला नसायचा, अब्बा," फैयाज म्हणाला आणि बूट घालून निघून गेला.

आता या जहाजाची गोष्ट सांगायला हवी. नगरला समुद्र नाही. नळाला पाणी कधी येतं हे विचारायची सोय नाही, तिथं समुद्र कुठला? पण सूर्यभान शेठच्या कारखान्यात तयार झालेले पाईप किनाऱ्यावरच्या गोदीत जात आणि तिथं बांधल्या जाणाऱ्या युद्धनौकेच्या पोटात बसत. शेठ मूळचे श्रीगोंद्याचे. वडील साखर कारखान्याच्या बॉयलरची दुरुस्ती करायचे, लेकानं थेट नौदलाला हात घातला. गोदीनं काम सर्वात कमी भाव भरणाऱ्याला दिलं. त्यानं ते दुसऱ्याला दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि तिसऱ्याकडून ते शेठच्या शेडमध्ये आलं. चार हात फिरून येईपर्यंत कामातला वेळ सगळ्यांनी वाटून खाल्ला होता. शेठच्या ताटात फक्त घाई उरली.

त्यात नकाशे वरातीमागून घोडं यावं तसे यायचे. पाईप तयार होऊन गाडीत चढायचा आणि तेव्हा निरोप यायचा की परदेशी पंप बदलला आहे, पाईप वीतभर डावीकडे घ्या. तो कापायचा, पुन्हा जोडायचा. तिसऱ्यांदा पुन्हा पहिल्याच जागी आणायचा. नौकेच्या जलावतरणाची तारीख मात्र हलत नव्हती, कारण ती पाहुण्यांच्या सोयीनं ठरली होती. पहिला समारंभ झाला तेव्हा नौका आतून कणगीसारखी रिकामी होती. बाहेरून रंग दिला, नारळ फोडला, बँड वाजला, आणि आठवड्याभरानं तिचं डेक कापून आत इंजिन उतरवलं. दिल्लीत बसून तारखा देणाऱ्यांना यातलं काही दिसत नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळीच्या पायातला काटा थोडाच दिसतो!

आणि या सगळ्यात एक रीत होती. ती कुठल्या कागदावर नव्हती, पण शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होती. परीक्षा पास झालेल्या वेल्डरला एक नंबर मिळतो. प्रत्येक जोडाशेजारी त्यानं आपल्या नंबरचा पोलादी ठसा हातोडीनं उमटवायचा. उद्या जोड फुटला तर कुणाच्या हातचा ते कळावं म्हणून. रशीदभाईंचा नंबर सतरा. पण उस्तादानं आपला नंबर शिकाऊ शागिर्दाला वापरायला द्यायचा, त्याला परीक्षा देईपर्यंत पोटापाण्याला लावायचं, ही मोठ्या मनाची गोष्ट समजली जायची. रशीदभाई स्वतः आपल्या उस्तादाच्या नंबरावर दोन वर्षं जेवले होते. त्यांनीही पुढं पाचसहा जणांना नंबर दिला. "नंबर दिला" हे शब्द शेडमध्ये लोक आईनं दूध पाजल्यासारखे उच्चारत. या चांगुलपणानं किती मोठं विष पेरलं आहे हे त्यांच्या कधी मनातही आलं नाही. ज्या ठशानं माणूस ओळखायचा, त्याच ठशामागं माणूस लपवायला ते शिकले होते.

डोळे गेले तेव्हा रशीदभाईंनी शेठला ठसा परत करू का म्हणून विचारलं. शेठ म्हणाले, "चाचा, गोदीकडं वेल्डरांची यादी गेलीय. एक नाव बदलायचं म्हणलं तरी मंजुरीला सहा महिने लागत्यात. तुमी फक्त यादीत ऱ्हावा." फैयाजचा हात चांगला होता, पण त्याचा स्वतःचा नंबर त्या सहा महिन्यांत अडकला तो अडकलाच. दोन वर्षांनी रशीदभाईंची फेरपरीक्षा आली. बापाचं ओळखपत्र छातीवर आणि बापाचं हेल्मेट तोंडावर घेऊन फैयाजनं निरीक्षकासमोर जोड मारून दाखवला. रशीदभाई तेव्हा कँटीनमध्ये चहा पीत बसले होते. निरीक्षकानं ओळखपत्र बघितलं, हेल्मेट बघितलं आणि सही केली. हेल्मेट वर करायला सांगायचं त्याला सुचलं नाही. की सुचलं, आणि जेवणाची वेळ झाली होती?

मग काम वाढलं तसा सतरा नंबर एकट्या फैयाजचाही उरला नाही. शेठनं त्या नंबरच्या ठशाच्या चार नव्या नकला करून घेतल्या. तिन्ही पाळ्यांत चार-पाच हात सतरा उमटवू लागले. अस्सल ठसा रशीदभाईंनी घरी आणून ठेवला होता. तो मुबारकबीच्या सुईदोऱ्याच्या डब्यात असे. ठशातल्या सातच्या आकड्याचा पाय फार वर्षांपूर्वी टवका उडून तुटला होता.

त्या नौकेत सतरा नंबरचे तीनशे बारा जोड बसले. त्यातला एकही रशीदभाईंचा नव्हता.

बातमी एका मंगळवारी दुपारी आली. सागरी चाचणीच्या वेळी इंजिनखोलीत गरम तेलाचा पाईप जोडावर फुटला. उकळतं तेल उडालं, आग लागली. एक खलाशी भाजून मेला. बावीस वर्षांचा होता. फुटलेल्या जोडाशेजारी सतरा नंबर होता.

फैयाज पाळी अर्धी टाकून घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. कैनातनं बापाला सगळं सांगितलं.

"त्या पोराला आई हाय का?" मुबारकबीनं विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सूर्यभान शेठ घरी आले. सोबत क्वालिटीचे अजिनाथ साहेब आणि फळांची करंडी होती. शेठनं वाकून रशीदभाईंचे पाय धरले. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा झालं. पाय धरणारा शेठ मान धरणाऱ्या शेठपेक्षा वाईट, हे रशीदभाईंना समजायला हवं होतं.

"चाचा, तुमी मला बापाच्या जागी," शेठ म्हणाले. "आता तुमीच तारा. चौकशी समिती शनिवारी येतीय. एक जबाब लिहून आनलाय. तेवढी सही करा."

"काय लिवलंय?"

शेठनं कागद कैनातच्या हातात दिला. बापाला दिसत नाही, तेव्हा लेकीनं वाचायचं. कैनात उभी राहून वाचू लागली. "मी, रशीद इमाम शेख, वेल्डर क्रमांक सतरा, असे लिहून देतो की बारा तारखेस माझ्या डोळ्यांना तात्पुरता त्रास होत असताना ती गोष्ट मी वरिष्ठांपासून लपवली आणि त्या अवस्थेत जोड क्रमांक एकशे सेहेचाळीस केला. ही सर्वस्वी माझी चूक आहे. या एका जोडाखेरीज माझे इतर सर्व जोड निर्दोष आहेत."

शेवटची ओळ तिनं दोनदा वाचली.

"म्हंजे एका दिवसाची चूक, एका म्हाताऱ्याची," रशीदभाई म्हणाले. "आन् बाकीचे तीनशे अकरा?"

"ते चांगलेच हायेत," अजिनाथ साहेब घाईनं म्हणाले. "कागदपत्रं हायेत ना सगळी."

"बाकीचे उघडायचे म्हणलं तर जहाज आठ महिने मागं जाईल," शेठ म्हणाले. "गोदीवाल्यांनाबी ते नकोय. तारीख ठरलीय, पाव्हणे ठरलेत. तुमच्या वयाला बघून कोर्ट दया दाखवील. वकील माझा. फैयाजची नोकरी पक्की. न्हाईतर मग..." त्यांनी फळांची करंडी पुढं सरकवली. "न्हाईतर त्या दिवशी तुमचं हेल्मेट घालून कोन हुतं ते शोधत्याल."

मुबारकबी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "शेठ, ते मेलेलं पोरगं कुठलं हुतं? त्याला आई हाय का?"

"ते नेव्हीवाले बघत्यात, चाची," शेठ म्हणाले आणि कप न घेताच उठले.

ते गेल्यावर त्या घरात जे झालं ते लिहायला हात धजत नाही. फैयाज बापासमोर येऊन बसला.

"करा सही, अब्बा."

"म्या?"

"मग काय मी जाऊ आत? तुमचं आता काय राहिलंय? दिसत न्हाई, काम न्हाई, दिवसभर बसून लसूण सोलता. माझं आयुष्य हाय पुढं. हिच्या पोटात लेकरू हाय."

"फैयाज!" मुबारकबी ओरडली.

पण मेहरीन, जी सासऱ्यांसमोर तीन वर्षांत कधी मान वर करून बोलली नव्हती, ती पुढं आली आणि म्हणाली, "करा ना सही, अब्बा. तुमाला तर आतबी अंधार न् बाहेरबी अंधार."

खरंच तर बोलली ती. पण खरं बोलण्याचीही एक जागा असते. रशीदभाईंनी खाली बघितलं. दिसत नसलं तरी लाज वाटली की माणूस खालीच बघतो.

"करतो," ते म्हणाले. "शनिवारी करतो. पन आदी त्या जोडावरून हात फिरवू द्या मला. ज्याचं पाप पदरात घ्यायचं, त्याची ओळख तरी व्हावी."

शनिवारी शेठच्या वातानुकूलित खोलीत समिती बसली. तिघं होते. गोदीचे मोठे साहेब, नौदलाचा एक तरुण अधिकारी, आणि तिसरा तोच निरीक्षक, ज्यानं फैयाजला रशीद समजून पास केलं होतं. ज्यानं कुंपण राखायचं त्यालाच शेत कुणी खाल्लं याची चौकशी करायला बसवलं होतं.

टेबलावर कापून आणलेला पाईपचा तुकडा होता. मुबारकबीनं नवऱ्याला हाताला धरून आणलं आणि ती दाराशीच थांबली. फैयाज भिंतीजवळ उभा होता, कैनात फायली घेऊन.

"सही करण्यापूर्वी ह्यांना तुकडा बघायचाय म्हणे," शेठ हसत म्हणाले. "बघू द्या. म्हातारा माणूस हाय."

रशीदभाईंची बोटं आधी ठशावर गेली. एक. सात. सातच्या पायावर बोट थांबलं, परत फिरलं. मग जोडावर आलं. जोडाच्या खवल्यांवरून ते हळूहळू सगळीकडून फिरलं. वरून काम देखणं होतं, एकसारखं, एका लयीत केलेलं. शेवटाला, जिथं जोड संपतो तिथं, वितळलेल्या धातूची एक बारीक ओढ डावीकडे गेली होती.

ती खोड रशीदभाईंना ठाऊक होती. सोळा वर्षांच्या फैयाजच्या मनगटावर त्यांनी तिच्यासाठी कितीदा तरी फटका मारला होता. "संपवताना हात सरळ उचल. जोड संपला म्हंजे तू पळून जायचं न्हाई." पोरानं सगळं शिकून घेतलं, पण ती एक ओढ काही गेली नाही.

मग त्यांनी बोट पाईपच्या आत घातलं. आतून जोड झालाच नव्हता. दोन कडा तशाच कोऱ्या एकमेकींना टेकून होत्या. वरून टाके दिसत होते आणि आतून शिवलंच नव्हतं. नवशिक्याला हे कळत नाही. पण फैयाज नवशिका नव्हता. त्याला त्या दिवशी कळलं होतं, आणि चाळीस जोड पुरे करायचे होते म्हणून त्यानं पुढचा पाईप घेतला होता.

रशीदभाईंनी बोट बाहेर काढलं आणि सदऱ्याला पुसलं. मुबारकबीला ते दारातून दिसलं.

"इथं सही," शेठनं पेन त्यांच्या बोटांत दिलं आणि बोटं कागदावर ठेवली.

रशीदभाईंनी पेन टेबलावर ठेवलं.

"साहेब, हा ठसा माझा न्हाई. माझ्या साताचा पाय तुटका हाय, ह्याचा धड हाय. ही नक्कल हाय, अशा चार केल्यात." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून अस्सल ठसा काढून ठेवला. "आन् हात..." त्यांनी मान भिंतीकडं वळवली. तिथं फैयाजचा श्वास त्यांना ऐकू येत होता. "हात माझ्या पोराचा हाय. फैयाजचा."

"अब्बा!"

"मला तीन वर्षं झाली, दिसत न्हाई. जरासं न्हाई, काईच न्हाई. तीन वर्षांत सतरा नंबरचा एकबी जोड म्या केल्याला न्हाई. कुनी कुनी केलेत ते मला ठाव न्हाई. म्हनून एक न्हाई, तीनशे बाराच्या तीनशे बारा उघडून बघा. त्याच्याखाली पोरं झोपत्यात, साहेब."

मग कैनात पुढं आली. तिनं हातातल्या फायली टेबलावर ठेवल्या. "जोड आतून भरलाय का ते बघायला एक्स-रे काढत्यात, त्या लॉटची ती फिल्मबी खरी न्हाई. पुण्याहून एक्स-रेवाले आठवड्याला एकदा यायचे आन् गाडी रोज जायची. एका चांगल्या जोडाची फिल्म नंबरपट्टी बदलून अकरा जोडांना लावलीय. अजिनाथ सरांनी सांगितलं. पट्टी मी बदलली."

एवढं धैर्य एका घरानं एका दिवसात दाखवलं. तुम्हाला वाटेल, आता समिती हादरली असेल, शेठच्या हातात बेड्या पडल्या असतील. वाचकहो, आपण असल्या शेवटांवर वाढलो आहोत, म्हणून तर असले शेठ वाढतात.

निरीक्षकानं घसा खाकरला. "ज्याला दिसत नाही त्याच्या बोटांचा पुरावा कसा धरायचा?"

गोदीच्या साहेबांनी मान हलवली. दिसत नसताना या माणसानं जोड मारला हे घटकाभरापूर्वी त्यांना पटत होतं. दिसत नसताना त्यानं जोड ओळखला हे मात्र पटेना.

आणि शेठ? शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. "साहेब, ऐकलंत ना? बापानं आंधळेपन लपवलं, पोरानं बापाच्या नंबरावर जोड मारले, पोरीनं फिल्म बदलली. अख्ख्या घरानं मिळून मला फसवलं. आन् मी ह्यांना घरचं समजत हुतो."

तरुण अधिकारी एकटाच काही तरी बोलू बघत होता. "सर, तीनशे अकरा जोडांचं..."

"त्यांचे कागद पूर्ण आहेत," गोदीचे साहेब म्हणाले. "आठ महिन्यांचं उत्तर दिल्लीला तुम्ही देणार का?" अधिकाऱ्यानं समोरची फाईल मिटली. त्याचीही पुढची बढती कुठल्या तरी कागदावर होती.

बाहेर पडताना मुबारकबीनं त्याच मोठ्या साहेबांची वाट अडवली. "साहेब, त्या पोराला आई हाय का?"

"बाई, हा चौकशीचा विषय नाही," ते म्हणाले.

अहवाल तीन आठवड्यांत आला. एवढ्या मोठ्या उद्योगात वेळेवर झालेलं ते बहुधा एकच काम. एका कुटुंबानं संगनमतानं फसवणूक केली, सदोष जोड बदलण्यात आला, उर्वरित जोड नोंदीनुसार समाधानकारक. शेठनं स्वतःच फिर्याद दिली. फैयाजला अटक झाली. कैनातची नोकरी गेली आणि तीही आरोपी झाली, वय बघून जामीन मिळाला. रशीदभाईंना अंधत्वामुळे घरी राहू दिलं. शेठच्या कारखान्याचं नाव गोदीच्या यादीतून काढलं, तेव्हा त्यांनी फाटकावरची पाटी उतरवली आणि बायकोच्या नावाची लावली. शेड तीच, यंत्रं तीच, अजिनाथ साहेब तेच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं संन्यासी अगदी निर्दोष नव्हता, म्हणून तर फाशी देणं इतकं सोपं गेलं.

रशीदभाई एकदाच तुरुंगात भेटायला गेले. कैनातनं त्यांना जाळीपाशी उभं केलं.

"कशाला आलात?" फैयाज म्हणाला. "बोटं फिरवून बघताय का, अजून कुठं वाकडं हाय ते?"

"बेटा, तुला कळलं हुतं का न्हाई? आतून जोड झाला न्हाई ते?"

"कळलं हुतं," तो म्हणाला. "मी सांगितलंबी हुतं. अजिनाथ म्हनला, सतरावर मार आन् पुढं चल, सतराला कोन विचारतंय. त्यो बरोबर म्हनला, अब्बा. तुमी सोडून कुनी विचारलं न्हाई." मग तो म्हणाला, "आता येऊ नका," आणि त्याच्या चपलांचा आवाज लांब गेला.

मेहरीन माहेरी कोपरगावला निघून गेली. तिथंच तिला मुलगा झाला. नातवाच्या अंगाखांद्यावरून हात फिरवायला तिनं आजोबांना बोलावलं नाही. तिचाही तिच्या परीनं काय दोष? आणि मुबारकबी! तिनं नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पाणी ठेवायची, अंघोळीला हात धरून न्यायची, पण तोंडातून शब्द नाही. ज्या माणसाला आवाजाखेरीज दुसरं जग उरलेलं नाही, त्याच्याशी न बोलणं म्हणजे काय, हे तिला पुरतं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच ती बोलत नव्हती. साडेचार महिने असे गेले.

नौका ठरल्या तारखेला नौदलात दाखल झाली. एवढा बोभाटा होऊनही तारीख एका दिवसानं पुढं गेली नाही. सकाळी अकरा वाजता टीव्हीवर सोहळा चालू होता. रशीदभाई पलंगावर बसून बँड ऐकत होते. कैनात जमिनीवर एका जाड वहीत काही लिहीत होती. नोकरी जाण्यापूर्वीच तिनं तीनशे अकरा जोडांचे क्रमांक आणि त्यांच्या जागा उतरवून घेतल्या होत्या. त्यांच्या नकला तिनं नऊ कचेऱ्यांना पाठवल्या होत्या. दोन ठिकाणांहून पोच आली होती, बाकी सगळीकडे शांतता.

टीव्हीवरचा निवेदक म्हणाला, की चाचणीदरम्यान प्राण गमावलेल्या खलाशाच्या मातोश्रींचा आता डेकवर सत्कार होत आहे. बिमलादेवी हिमाचलातल्या एका डोंगराळ गावातून आल्या आहेत आणि त्यांनी आयुष्यात आज पहिल्यांदाच समुद्र पाहिला आहे.

मुबारकबी हातातलं सूप तसंच धरून टीव्हीसमोर आली. पडद्यावर एक बारकी, सावळी बाई शाल अंगावर पडताच दचकली. कुणीतरी तिचे खांदे धरून तिला कॅमेऱ्याकडं वळवलं.

"त्यांचा धाकटा मुलगाही नौदलात भरती झाला असून," निवेदकाचा आवाज भरून आला होता, "भावाच्याच नौकेवर सेवा करण्याची त्याची इच्छा मान्य झाली आहे." टाळ्या वाजल्या. ती बाईही सगळ्यांकडं बघून टाळ्या वाजवू लागली. तिच्या पायाखाली, तीन मजले खाली, सतरा नंबरचे तीनशे अकरा जोड होते.

मुबारकबीनं टीव्ही बंद केला.

"कैनात," ती म्हणाली, "त्या बाईला आपुन लिवायचं. कचेऱ्यांचं जाऊ दे. तिला लिव. म्हनावं, तुझ्या पोराला मारनारा जोड माझ्या पोरानं केला. माझ्याच पोरानं. आन् तसलेच आनखी किती हायेत ते ह्या वहीत हाय. म्हनावं, ते उघडून बघितल्याबिगर दुसरं लेकरू त्या जहाजावर चढू देऊ नगंस. आईनं आडवं पडलं तर कुनाच्या बापाची टाप न्हाई."

"अम्मी, ती चिठ्ठी कोर्टात गेली तर भाईचं..."

"जाईल," मुबारकबी म्हणाली. "मी काय त्याला नऊ महिने सुखासुखी पोटात वागवला न्हाई. मला का कळत न्हाई? पन तिला दोनच हुते."

कैनातनं हिंदीत पत्र लिहिलं, पत्ता टीव्हीवर सांगितलेल्या गावाचा घातला. दोन पानं झाली. सोबत तीनशे अकरा जोडांची यादी, ती पंधरावीस पानांची. खाली सही कुणाची, हा प्रश्न आला तेव्हा मुबारकबी उठली. कोर्टानं फक्त नकला जप्त केल्या होत्या. तुटक्या पायाचा अस्सल ठसा कुणालाच पुरावा वाटला नव्हता, तो परत सुईदोऱ्याच्या डब्यात येऊन पडला होता. तिनं तो काढला, हातोडी आणली, पोळपाट उलटा घातला, त्यावर पत्र पसरलं आणि नवऱ्याशेजारी येऊन बसली.

"हात द्या इकडं," ती म्हणाली. साडेचार महिन्यांनी ती रशीदभाईंशी बोलली होती. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा रडवेला झाला.

तिनं त्यांची बोटं धरून पत्राच्या तळाशी नेली. "हितं. जागा सोडलीय."

रशीदभाईंनी ठसा उभा धरला, अंगठ्यानं त्याची कड चाचपून सरळ केली आणि हातोडी मारली. कागद खोल दबला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. एक. सात. सातचा पाय तुटका.

"हा माझा," ते म्हणाले.

मुबारकबीनं पत्राची घडी केली. कैनात पोस्टात गेली, तेव्हा पोस्ट बंद व्हायला दहा मिनिटं होती. खिडकीतल्या माणसानं पाकीट तोलून पाहिलं आणि इतकं जड काय आहे म्हणून विचारलं.